याव्लेन्स्कीच्या व्यक्तिचित्राची नक्कल करताना रंग मळतो आणि चेहरा मुखवटा होतो: मार्गदर्शन हवे आहे

निळी किनार

नमस्कार. नोकरीनिमित्त मी गेली सहा वर्षे म्युनिकमध्ये राहते. जलरंगात निसर्गचित्रे करण्याची जुनी सवय आहे, पण तैलरंगाला पहिल्यांदा हात लावला तो गेल्या हिवाळ्यात, आणि तोही थेट व्यक्तिचित्रासाठी. शिकवणीला जाण्याइतका वेळ नसल्यामुळे एखाद्या जाणत्या चित्रकाराच्या चित्राची नक्कल करत शिकावे असे ठरवले. येथील लेनबाखहाउस या संग्रहालयात रशियन चित्रकार अलेक्साय फॉन याव्लेन्स्कीने १९०९ मध्ये रंगवलेले नर्तक अलेक्झांडर साखारॉफचे व्यक्तिचित्र आहे, त्याची मी निवड केली. पुठ्ठ्यावर तैलरंगात केलेले हे चित्र साधारण सत्तर सेंटिमीटर उंच आणि जवळजवळ तितकेच रुंद आहे. लाल पोशाख, मागे निळसर हिरवा रंग, पावडर फासल्यासारखा पांढरा चेहरा, काळे केस आणि आपल्याला काहीतरी ठाऊक असल्यासारखी त्या नर्तकाची नजर, एवढाच काय तो ऐवज.

निवडीमागचे कारण प्रांजळपणे सांगते. मला ते सोपे वाटले होते. तपशील कमी, रंग थोडे, आणि रेम्ब्रांटच्या चित्रात असते तशी त्वचेची बारीक छटा कुठेच नाही. छापील प्रतीवर पेन्सिलीने चौकटी आखल्या, त्याच प्रमाणात पन्नास सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर रेखाटन उतरवले आणि तीन रविवार बसून आत रंग भरले. रेषा जिथल्या तिथे आहेत, डोळ्यांतले अंतर बरोबर आहे, तरीही समोर दिसतो तो जत्रेत विकायला ठेवलेला मुखवटा. हिरवा रंग सगळ्यांना गिळून बसला आहे. लाल आणि हिरवा जिथे भेटतात तिथे मातकट चिखल झाला आहे. पांढऱ्या चेहऱ्याला तर चुना फासल्याची कळा आली आहे.

हे चित्र मुळात फार थोड्या वेळात झाले, असे त्याच्याबद्दल सांगितले जाते. साखारॉफ कार्यक्रमाच्या आधी पोशाख घालूनच याव्लेन्स्कीच्या स्टुडिओत आला, चित्र एका बैठकीत झाले, आणि याव्लेन्स्की आपल्या सवयीप्रमाणे त्यावर पुन्हा रंगवत बसेल या धास्तीने साखारॉफने ते ओले असतानाच उचलून नेले. जे काम त्याने एका बैठकीत केले त्याची नक्कल मला तीन रविवारांत जमू नये, यात माझे नेमके काय चुकते आहे?

जुना विद्यार्थी

आपण चित्राचा फोटो डकवला हे बरे केले, कारण चूक नुसत्या वर्णनावरून कळली नसती. आपण आधी रेषा काढली आणि मग तिच्या आत रंग भरला. मूळ चित्र त्या क्रमाने झालेले नाही.

म्युर्नाऊ या बव्हेरियातल्या गावी १९०८ च्या उन्हाळ्यापासून याव्लेन्स्की, मारियाने फॉन वेरेफ्किन, कँडिन्स्की आणि गाब्रिएले म्युंटर या चित्रकारांनी एकत्र काम केले. त्या काळातल्या त्यांच्या चित्रांत गडद रेषा असते खरी, पण ती कुंपण नसते. कुठे ती रंगाच्या खालून डोकावते, कुठे रंग लावून झाल्यावर वरून ओढलेली असते, आणि कुठे तर दोन रंगांच्या मध्ये पुठ्ठा तसाच उघडा सोडलेला असतो. काचेच्या मागून रंगवण्याची बव्हेरियन लोककला या मंडळींना फार प्रिय होती आणि तिच्यातला ठाम बाह्यरेषेचा गुण त्यांनी उचलला. त्या रेषेचे वजन मात्र हाताच्या वेगातून येते. चौकटी आखून उतरवलेल्या रेषेला वेग कसा असणार? ती शेजारच्या रंगाला घाबरूनच राहते.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट उजेड-अंधाराची. अभिव्यक्तिवादी, म्हणजे जसे दिसते त्यापेक्षा मनातली भावना दाखवणाऱ्या, चित्रातला रंग मनमानी असतो हा समज हौशी चित्रकारांचे सर्वांत जास्त नुकसान करतो. चेहऱ्यावरच्या सावलीला हिरवी करण्याची मुभा चित्रकार घेतो, पण ती सावली किती गडद असावी याची मुभा तो सहसा घेत नाही. सावली सावलीइतकीच गडद ठेवली, तर तिचा रंग कोणताही असला तरी गाल गोल दिसतो. आपल्या प्रतीचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहा. नाकाच्या बाजूची हिरवी सावली आणि कपाळ या दोन्हींचा करडेपणा सारखाच दिसेल असा माझा अंदाज आहे, आणि तसे असेल तर मुखवटा होण्याचे कारण तेच आहे.

माझी सूचना अशी, की रंगांना काही दिवस हात लावू नका. काळा, पांढरा आणि रॉ अंबर (मातकट तपकिरी) एवढ्यावरच हे डोके तीन वेळा, तळहाताएवढ्या आकारात करा. आम्ही मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात होतो तेव्हा प्लास्टरच्या पुतळ्यांसमोर महिनोन्महिने बसवत असत आणि आम्ही मनातून शिव्या देत असू. त्या पांढऱ्या डोक्यांनी काय शिकवले हे पुढे जिवंत माणूस समोर बसल्यावर समजले.

मांडवीकाठ

दोघांचीही क्षमा मागून एक वेगळे मत मांडतो. व्यक्तिचित्राची पहिली नक्कल अभिव्यक्तिवादी चित्राची असूच नये. याव्लेन्स्कीने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत वास्तववादी चित्रकार इल्या रेपिनच्या हाताखाली धडे घेतले आणि १८९६ मध्ये म्युनिकला आल्यावरही तो आंतोन आझ्बेच्या शाळेत जात होता. त्याला हनुवटीखालचे हाड कुठे असते हे ठाऊक होते, म्हणून ते एका फटकाऱ्यात सोडून देता आले. ज्याला ते ठाऊक नाही, त्याने तो फटकारा उचलला तर हाती फक्त लकब लागते.

आपल्याकडे यासाठी नमुने कमी नाहीत. चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रे पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत पाहायला मिळतात. घरच्या माणसांची त्यांची चित्रे पाहावीत, त्यात गालावरून कानाकडे जाताना रंग थंड कसा होत जातो हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. पिठावाला आणि हळदणकर हे जुने व्यक्तिचित्रकार आहेतच. आधी त्यांच्यापैकी एकाची नक्कल करावी आणि मग म्युनिककडे वळावे.

निळी किनार

जुना विद्यार्थी, आपला अंदाज तंतोतंत खरा निघाला. कृष्णधवल फोटोत कपाळ, नाकाची बाजू आणि मान हे तिन्ही एकाच करड्या रंगाचे दिसतात. त्याहून मौज म्हणजे पोशाख आणि पार्श्वभूमी यांतला फरकही माझ्या प्रतीत जवळपास नाहीसाच झाला. रंगीत चित्रात जी सीमा डोळ्याला टोचत होती, ती करड्यात सापडतच नाही.

मांडवीकाठ, आपले म्हणणे पटते, पण अर्धेच. त्रिंदादांचे मूळ चित्र माझ्यापासून हजारो किलोमीटरवर आहे, तर साखारॉफ ट्रामने वीस मिनिटांवर. माझ्या जवळच्या तीन छापील प्रतींत पार्श्वभूमीचा हिरवा तीन तऱ्हेचा आहे: एकीत मोरपंखी, दुसरीत जवळजवळ निळा, तिसरीत बाटलीच्या काचेसारखा. मूळ चित्रासमोर उभे राहता येणे ही सोय शैलीपेक्षा मोठी वाटते. गेल्या शनिवारी मी लहान वही आणि पेन्सिल घेऊन तिथे तासभर बसले. रंग टिपण्याऐवजी प्रत्येक ठळक फटकारा कोणत्या दिशेने गेला आहे याचे बाण काढले. वहीचे पान पावसाळी हवामानाच्या नकाशासारखे दिसते आहे.

रसायनवाली

मी चित्रकार नाही. रंगनिर्मितीच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे फक्त डब्यातल्या वस्तूंबद्दल बोलेन.

आपल्या हिरव्याने सगळे गिळले असे आपण लिहिले आहे. ट्यूबवर थॅलो ग्रीन असे लिहिलेले नाही ना, हे पाहावे. थॅलोची रंगद्रव्ये बाजारात आली ती १९३० च्या दशकात. १९०९ मध्ये चित्रकारांच्या हाती असा पारदर्शक थंड हिरवा म्हणजे व्हिरिडियन होता आणि त्याची रंगवण्याची ताकद थॅलोच्या मानाने फारच कमी असते. थॅलोचा मुगाएवढा थेंब जिथे पुरतो तिथे व्हिरिडियन सुपारीएवढा लागतो. आपण अंदाजाने सुपारीएवढा थॅलो घेतला असेल, तर पुढचे सांगायलाच नको.

पांढऱ्याचेही तसेच. आज हाताशी सहज येतो तो टायटॅनियम व्हाइट, आणि तो पहिल्या महायुद्धानंतरच प्रचारात आला. त्याआधीचे पांढरे शिशाचे किंवा जस्ताचे. टायटॅनियम फार अपारदर्शक असल्यामुळे त्यात मिसळलेला प्रत्येक रंग लवकर फिका आणि खडूसारखा होतो. चेहऱ्याला चुन्याची कळा येण्यात त्याचा वाटा आहे. शिशाचा पांढरा विषारी असल्याने घरात आणू नये. टायटॅनियम आणि झिंक यांचे तयार मिश्रण मिळते, ते अभ्यासापुरते चालेल. नुसत्या झिंकचा थर पुढे ठिसूळ होऊन तडकतो. कॅडमियम रेडसुद्धा १९१० च्या सुमारास नुकताच बाजारात येत होता. त्याआधीचा ठळक अपारदर्शक लाल म्हणजे मुख्यतः व्हर्मिलियन, म्हणजे आपला हिंगूळ. पाऱ्यापासून बनणाऱ्या त्या रंगाऐवजी आपण मात्र कॅडमियमच वापरावा, आणि तोही सुका घासून धूळ उडेल असे काही करू नये.

आता पृष्ठभाग. मूळ पुठ्ठ्यावर आहे आणि आपण बाजारातल्या जेसो (रंगाखालचा पांढरा अस्तराचा लेप) लावलेल्या कॅनव्हासवर काम केले. पुठ्ठा तेल पितो. रंग लावल्यावर थोड्याच वेळात तो अंगचे तेल सोडून मंद, चकाकी नसलेला होतो आणि वरचा फटकारा खालच्याला फारसा ओढत नाही. शोषून न घेणाऱ्या पृष्ठभागावर खालचा लाल कितीतरी वेळ ओला आणि निसरडा राहतो, मग त्यावर हिरवा गेला की चिखल होणारच. मात्र खोक्याचा कच्चा पुठ्ठा घेऊ नये. तो आम्लयुक्त असतो, तेलाने काळवंडतो आणि काही वर्षांत बिस्किटासारखा मोडतो. चांगल्या जाड आम्लरहित बोर्डाला दोन्ही बाजूंनी जेसोचे पातळ हात द्यावेत आणि रंग पॅलेटवर काढण्याआधी काही मिनिटे टीपकागदावर ठेवावा, म्हणजे जास्तीचे तेल निघून जाते.

जाता जाता एक गोष्ट. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून डब्यात कोंबू नयेत. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि त्यात उष्णता निर्माण होते, त्यामुळे अशा चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. बंद फ्लॅटमध्ये हिवाळ्यात काम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

हौशी कुंचला

धागा वाचतो आहे आणि शिकतो आहे. मी नाशिकला असतो, मूळ चित्र पाहण्याची शक्यता नाही. दोन शंका आहेत. छापील प्रतीवरून केलेली नक्कल निरुपयोगी असते का? आणि असे चित्र पूर्ण झाल्यावर त्यावर सही कोणाची करावी?

जुना विद्यार्थी

हौशी कुंचला, निरुपयोगी मुळीच नाही. व्हॅन गॉगने सँ-रेमीच्या रुग्णालयात १८८९-९० मध्ये फ्रेंच चित्रकार मिलेच्या चित्रांवरून वीसेक चित्रे केली ती कृष्णधवल छापील प्रती समोर ठेवून. रंग त्याने स्वतःचे घातले. उजेड-अंधार दुसऱ्याचा आणि रंग आपला, अशी ती विभागणी होती. तुम्हीही एखाद्या व्यक्तिचित्राची कृष्णधवल प्रत काढून त्यावर आपले रंग बसवून पाहावेत. मूळ रंग न पाहता करावयाचा हा अभ्यास छापील प्रतीच्या खोट्या रंगांपासून सुटका करतो.

सही स्वतःचीच करावी, तीही मागच्या बाजूला, आणि 'याव्लेन्स्कीच्या चित्रावरून केलेला अभ्यास' असे वर्षासह स्पष्ट लिहावे. मूळ चित्रकाराची सही कधीही उतरवू नये. लूव्रसारख्या ठिकाणी नक्कल करणाऱ्यांना प्रतीचा आकार मुळापेक्षा निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठा ठेवावा लागतो, तो नियम घरीही पाळण्यासारखा आहे. याव्लेन्स्कीच्या नावावर खोटी चित्रे पुष्कळ फिरली आहेत, त्यात आपल्या निष्पाप अभ्यासाची भर नको.

मांडवीकाठ, तुमच्या आक्षेपाला उत्तर द्यायचे राहिले. शरीरशास्त्राबद्दल तुम्ही बरोबर आहात. पण मुंबईत तरी अभिव्यक्तिवाद अकादमीच्या शेवटच्या पायरीवर वाट पाहत उभा नव्हता. वॉल्टर लँगहॅमर हा ऑस्ट्रियन चित्रकार आणि रुडॉल्फ फॉन लेडन हा जर्मन समीक्षक नाझी राजवटीमुळे मुंबईत आले, तेव्हा १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह हा चित्रकारांचा गट स्थापणाऱ्या तरुणांना मध्य युरोपातली ही चित्रे त्यांच्याकडच्या छापील प्रतींतून आणि गप्पांतून कळली. त्या गटातल्या सूझांनी डोक्याभोवती ओढलेली जाड काळी रेषा पाहा. तुमच्याच गोव्याचा माणूस, जे. जे. मधून काढून टाकलेला. शिक्षण अर्धवट राहिले म्हणून रेषा डळमळली असे काही दिसत नाही.

मांडवीकाठ

सूझांचे उदाहरण देऊन आपण मला कोंडीत पकडले आहे, पण सूझा अपवाद होते आणि अपवादावरून अभ्यासक्रम ठरत नाही. माझे मत कायम ठेवून पुढचे वाचतो.

निळी किनार

पाच आठवड्यांनी परत येते आहे.

जुना विद्यार्थी यांच्या सांगण्यावरून करड्या रंगातली डोकी केली, तीनऐवजी सात झाली. चौथ्या डोक्याच्या वेळी लक्षात आले की चेहऱ्याचा पांढरा हा एक पांढरा नाही. कपाळाचा सर्वांत उजळ, गालाचा त्याच्या खालोखाल, आणि हनुवटीखालचा तर मी पॅलेटवर पाहिला असता तर त्याला राखाडीच म्हटले असते. पॅलेटवर तो घाण वाटतो, चेहऱ्यावर गेला की पांढरा होतो. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, त्यामुळे पांढऱ्यात इतके मजले असतात हे मला कधी कळण्याचे कारणच नव्हते.

रसायनवाली, आपला तर्क अचूक होता, ट्यूब थॅलोचीच होती. आता व्हिरिडियन आणला आहे. बोर्ड आपण सांगितला तसा तयार केला आणि दुसरी नक्कल त्यावर केली. रंग जिथे ठेवला तिथे राहतो हा अनुभव पहिल्यांदा आला. तरीही त्या प्रतीला मी सहा तास घेतले आणि शेवटच्या दोन तासांत पहिल्या चार तासांचे बरेचसे बिघडवले. प्रत्येक फटकारा लावल्यावर तो शेजारच्याशी जुळवून घ्यायचा, कडा मऊ करायच्या, ही खोड जाता जात नाही.

मग साखारॉफचीच युक्ती वापरली. तिसऱ्या प्रतीच्या वेळी नवऱ्याला सांगून ठेवले की पन्नास मिनिटे झाली की मी काहीही म्हटले तरी बोर्ड उचलून न्यायचा. वेळ बांधलेला असला की कामाचा क्रम आपोआप बदलतो, हे मी आधी ऐकले असते तरी मानले नसते. पहिली पाच मिनिटे अल्ट्रामरीन निळ्याच्या पातळ रेषेने डोके आणि खांदे मांडले. मग पार्श्वभूमी आणि पोशाख हे दोन मोठे तुकडे, त्यांच्यामध्ये बोर्डाची फट सोडून. दोन ब्रश वेगळे ठेवले, एक लाल कुटुंबाचा, एक हिरव्या कुटुंबाचा, आणि त्यांची सोयरीक होऊ दिली नाही. चेहरा त्यानंतर, आणि डोळे अगदी शेवटी. डोळ्यांना सहा मिनिटे उरली होती. बरोबर पन्नासाव्या मिनिटाला बोर्ड उचलला गेला तेव्हा मी खरोखरच चिडले, कारण डावा कान राहिला होता. दुसऱ्या दिवशी पाहिले तर कानाची उणीव कोणाला जाणवणारही नाही, आणि पहिल्या दोन्ही प्रतींत मी त्याच कानावर अर्धा तास घालवला होता.

मांडवीकाठ

फोटो पाहिला. तिसरी प्रत पहिल्या दोन्हींपेक्षा कितीतरी चांगली आहे हे मोकळेपणाने मान्य करतो. दोष दाखवायचा तर डोळ्यांत. आपण दोन्ही डोळ्यांची काळी रेषा सारख्याच जाडीची आणि सारख्याच काळ्या रंगाची केली आहे, त्यामुळे नजर समोर गोठली आहे. लांबचा डोळा किंचित हलका हवा, डोके वळलेले आहे हे त्यावरूनच कळते. आणि तोंडाचा लाल पोशाखाच्या लालाइतकाच तापलेला आहे. तो थोडा थंड केला तर ओठ चेहऱ्यात बसतील, आत्ता ते चेहऱ्याच्या पुढे येऊन उभे आहेत.

जुना विद्यार्थी

डोळ्यांबद्दल मांडवीकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. याव्लेन्स्की पुढे जवळजवळ तीस वर्षे चेहराच रंगवत राहिला आणि अखेरीस तो नाकाची एक उभी पट्टी आणि भुवया-डोळ्यांच्या काही आडव्या पट्ट्या यांवर येऊन थांबला. संधिवाताने हात धरले होते, ब्रश दोन्ही हातांत धरून त्याने ती लहानलहान चित्रे केली. ती पाहिली की १९०९ च्या या चित्रात डोळ्यांवर किती भार टाकलेला आहे ते कळते.

आता पुढची पायरी: चौथी प्रत करू नका. तोच पुठ्ठा, तेच रंग, तीच पन्नास मिनिटे ठेवा आणि समोर जिवंत माणूस बसवा. नक्कल करताना कोणता रंग कुठे हा निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो, तो आता तुम्हाला घ्यायचा आहे. जमणार नाही, पण करा.

निळी किनार

केले. सध्या आईबाबा सांगलीहून आले आहेत. बाबांना खिडकीपाशी बसवले, डोक्याला माकडटोपी आणि गळ्यात तपकिरी मफलर, कारण त्यांच्या मते इथल्या घरातही थंडी असते. लाल पोशाख नाही, पावडर लावलेला चेहरा नाही. पॅलेटवर तयार ठेवलेल्या व्हिरिडियनचे काय करावे हे पहिली दहा मिनिटे सुचलेच नाही. मग कृष्णधवल डोक्यांची आठवण झाली. बाबांच्या गालाची खिडकीकडची बाजू आणि आतली बाजू यांत किती पायऱ्यांचा फरक आहे ते आधी मोजले, आतल्या बाजूला तितक्याच गडद हिरव्याचा एक रुंद फटकारा दिला आणि त्याला पुन्हा हात लावला नाही. गाल वळला. मफलर चिखल झाला, हात तर कोणाचेही असू शकतील, पण तो गाल बाबांचा आहे.

मांडवीकाठ, आपले म्हणणे या बैठकीत जास्त पटले. माकडटोपीखाली कवटी कुठे आहे हे मला ठाऊक नव्हते आणि टोपी भोपळ्यासारखी वर तरंगते आहे. तिथे कोणताही रंग कामाला आला नाही. भारतात आले की पणजीला जाईन.

बाबांनी चित्र पाहून विचारले, "मी इतका हिरवा दिसतो होय गं?" आई म्हणाली की दिसता, बिलांचे कागद समोर आले की दिसता. पुन्हा बसायला ते तयार नाहीत. पुढच्या रविवारी आईला विचारणार आहे. तिच्या चष्म्याच्या काचेवर खिडकी दिसते, ती आधी रंगवावी की शेवटी, हे कोणी सांगू शकेल का?

जुना विद्यार्थी

शेवटी, आणि एकाच फटकाऱ्यात. त्याआधी काचेमागचा डोळा पूर्ण रंगवून घ्या, त्यावरून जायला भिऊ नका.